म्हातारा घरी पोचतो तेव्हाची धून

कानकोरे हे त्याचं आडनाव नव्हतं. पाण्याच्या मीटरच्या कार्यशाळेत कुणीतरी चेष्टेने ठेवलेलं ते नाव. पण ते असं चिकटलं, की नवीन आलेले साहेब कितीतरी दिवस त्याला अदबीने ‘मिस्टर कानकोरे’ म्हणत राहिले आणि एकानेही त्यांना खरं सांगितलं नाही. त्याने स्वतःही नाही. त्याला ते नाव आवडायचं.

नाव पडायला कारण होतं. दुरुस्त होऊन आलेले मीटर लांब ओट्यावर ओळीने जोडायचे, पाणी सोडायचं आणि काटे बघत उभं राहायचं, अशी तिथली पद्धत. फरशी कायम ओली, त्यामुळे सगळ्यांच्या पायांत गमबूट. बाकीचे काटे बघायचे. हा वाकून एकेका मीटरला कान लावायचा आणि ओळीतल्या एखाद्यावर टिचकी मारून सांगायचा, "हा खातोय." खातोय म्हणजे पाणी जातंय जास्त आणि मोजतोय कमी. काटा बघितला की तसंच निघायचं. असं बऱ्याचदा निघालं, आणि माणसाचं डोकं फिरायला तेवढं पुरतं. आपल्या कानांतून काही सुटत नाही, असं तो चारचौघांत बोलायला लागला. असलं काही माणसाने चारचौघांत बोलू नये, पण त्याला सांगणार कोण?

घरी आल्यावर ह्याच कानांचा दुसरा उद्योग चालायचा. जुन्या व्हिडिओ गेमच्या फायली फोडायच्या आणि त्यांतलं संगीत बाहेर काढायचं. हे प्रकरण ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना वाटेल, त्यात काय एवढं? पण जुन्या गेमच्या सीडीवर चित्रं, नकाशे, संवाद, आवाज असं सगळं एकाच मोठ्या फायलीत कोंबलेलं असतं, घर बदलताना घाईघाईने भरलेल्या खोक्यासारखं. कशावर काही लिहिलेलं नसतं. धून कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे आकड्यांच्या रांगा चाळून हुडकावं लागतं. आणि खरी गंमत पुढेच आहे. कधीकधी त्यात अशा धुनी सापडतात ज्या गेममध्ये वाजतच नाहीत. संगीतकाराने एकाच जागेसाठी दोन-तीन चाली केलेल्या असतात. त्यातली एक घेतात, आणि बाकीच्या काढून टाकायचाही कुणाला उरक नसतो, म्हणून त्या तिथेच पडून राहतात. ह्या पडून राहिलेल्या चालींसाठी जीव टाकणारी माणसं जगात आहेत. ती इंटरनेटवर एका जागी जमायची, सापडलेलं एकमेकांना दाखवायची आणि एकमेकांच्या चुका काढायची. त्या घोळक्यात कानकोरेचा दरारा होता. त्याचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे दिवेवाल्या म्हाताऱ्याच्या गेमचं संगीत. ते त्याने शेवटच्या सुरापर्यंत बाहेर काढून सगळ्यांसाठी ठेवलं होतं आणि वर ठसठशीत लिहिलं होतं: संपूर्ण.

त्या गेमचं संगीत त्याच्या दादाचं होतं.

दादा एका लहानशा कंपनीत कामाला होता. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार टेबलं, एक पंखा आणि मोठमोठ्या गप्पा, एवढीच ती कंपनी. तिने एकच गेम धड पुरा केला. एक म्हातारा संध्याकाळी गल्लीबोळांतून दिवे लावत फिरतो, असा. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही, मग घेतो कोण? गेम पडला, आणि पुढे कंपनीही बुडाली. पुष्कळ वर्षांनी लोकांना त्याची गोडी कळली, पण तोवर दादा राहिला नव्हता.

संगीत तो घरीच करायचा. आतल्या खोलीत कॉम्प्युटर, एक छोटा कीबोर्ड आणि माइक. दाराबाहेर वहिनीचं शिवणाचं मशीन. ती लोकांचे कपडे शिवायची. तो आतून ओरडायचा, मशीन थांबव, आणि ती बाहेरून ओरडायची, मशीन थांबलं तर खाल काय? लग्नाला फार दिवस झाले नव्हते. धाकटा भाऊ, म्हणजे आपला कानकोरे, तेव्हा शिक्षण संपवून घरी बसलेला. दादाच्या खुर्चीमागे उभं राहून ऐकायची परवानगी घरात फक्त त्यालाच होती. निदान त्याची तशी समजूत होती.

एका संध्याकाळी वहिनीने कंपनीत फोन केला, जरा लवकर या म्हणून. दादा स्कूटरवरून निघाला आणि वळणावर ट्रकखाली आला. फोन कशासाठी होता, तर वहिनीला कणकण आली होती आणि येताना औषध आणायचं होतं, एवढंच. पण आईने तो फोन जो धरला तो मरेपर्यंत सोडला नाही. "हिने बोलावलं म्हणून निघाला," असं ती येईल त्याला सांगायची, वहिनी समोर असली तरी. कानकोरे ते ऐकायचा आणि गप्प बसायचा. त्याचं गप्प बसणं आईला होकार वाटायचं, आणि तो होकारच होता.

वर्षभरात वहिनी त्या घरातून निघाली. निघाली म्हणजे काय, राहणं अशक्य करून ठेवल्यावर माणूस निघतंच. एक बॅग तिने उचलली. शिवणाचं मशीन न्यायला हातगाडीवाला बोलावला होता, तर आई दारात आडवी उभी राहिली. "मशीन घराचं आहे," म्हणाली. कानकोरेनेही तेवढ्यात आपलं घोडं पुढे दामटलं.

"दादाचा कॉम्प्युटर आणि सीड्यापण इथेच राहू देत. तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही, वहिनी."

वहिनी भांडली नाही. चपला घालता घालता म्हणाली, "राहू देत. पण भाऊजी, त्या गेममध्ये ह्यांनी माझ्यासाठी एक ठेवलंय. वाजत नाही ते, पण आत आहे. गाण्याच्या खाली दुसरं गाणं आहे, असं म्हणाले होते. त्यात ह्यांचा आवाज आहे. सापडलं तर मला ऐकवा."

आवाज म्हटल्यावर आईनेसुद्धा मान वर केली. घरात दादाचे फोटो ढीगभर होते, पण आवाज कुठेच नव्हता. बाकीच्यांचे आवाज टिपणारा तोच, त्यामुळे त्याचा टिपायचं कुणाला सुचलंच नाही. वहिनीला तो एकदा ऐकायचा होता. तिचं मागणं तेवढंच होतं आणि पुढेही कधी वाढलं नाही.

"बघतो," कानकोरे म्हणाला.

बघितलं त्याने, नाही असं नाही. फायली फोडायची विद्या तो शिकला तीच ह्या गेमपायी. कॉम्प्युटर ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून वहिनीच्या मशीनवर फळी टाकून त्याने तो तिथे मांडला. काम करताना पाय आपोआप खालच्या पायडलवर जायचे. तिथे बसून त्याने एकेक धून हुडकली. मोठी धून, म्हातारा गल्लीतून चालतो तेव्हाची, उघडली तेव्हा मात्र त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. धुनीच्या लांबीच्या मानाने फाईल दुप्पट मोठी होती. वाजवली तर सुरांचा एक तुकडा, मग खरखरीचा एक तुकडा, परत सूर, परत खरखर, असं शेवटपर्यंत एकाआड एक.

त्याने कान लावला. खरखर म्हणजे नुसती खरखर. आणि तिचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं: भर. जुन्या सीड्यांवर अशी भर टाकायची पद्धत होतीच. सीडी वाचणारं यंत्र मंद असायचं. त्याला धून ठरावीक वेगाने मिळावी म्हणून मधल्या जागा कसल्याही निरर्थक आकड्यांनी भरून काढायचे, काचसामान बांधताना मध्ये पेंढा घालतात तसं. दुसऱ्या गेमांमध्ये त्याने अशी भर पाहिली होती. झालं तर मग! त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक दुसरा तुकडा फेकून द्यायचा आणि उरलेले जोडायचे. धून स्वच्छ आणि सलग निघाली. भर कशी ओळखावी आणि कशी काढून टाकावी, ह्यावर त्याने त्या घोळक्यात लांबलचक लेख लिहिला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याचं बघून पुढे बाकीचेही भर फेकायला लागले, आणि त्यात कुणाकुणाचं काय गेलं असेल ते आता कोण सांगणार?

काम संपल्यावर थोड्या दिवसांनी वहिनी आली. तोवर ती बाटल्या धुण्याच्या कारखान्यात लागली होती. मशीनच नाही म्हटल्यावर शिवणार कशावर? सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आपटत येतात, धुऊन पुढे जातात, आणि तिथे उभं राहून तडा गेलेली तेवढी उचलून बाजूला टाकायची, असं तिचं काम. दिवसभर तो खणखणाट. कानात कापसाचे बोळे घालावेत तर मुकादमाची हाक ऐकू येत नाही आणि मग तो अंगावर येतो, म्हणून बोळेही बंद. ह्यातलं तिने काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. दारातच उभी राहून ती म्हणाली, "झालं म्हणे सगळं काढून?"

"झालं. संपूर्ण," त्याने तो शब्द जरा घोळवूनच म्हटला. "पण तुम्ही म्हणता तसं काही नाही त्यात."

"खाली बघितलंत?"

"खाली-वर असं नसतं हो. फाईल आहे ती, कपाट नाही."

"पण ह्यांनी मला ऐकवलं होतं. ह्यांनी गुणगुणलंय त्यात. म्हातारा घरी पोचतो तेव्हाची धून आहे ती."

"म्हातारा घरी पोचतो तो भाग कंपनीने कापला, वहिनी. वेळ नव्हता त्यांच्याकडे. गेममध्ये तो पोचतच नाही, मग धून कुठली?" तो हसला. "दादा चेष्टेखोर होता. तुम्ही खरं धरून बसलात."

आतून आई म्हणाली, "जिवंत होता तेव्हा एक फोन करून घालवलास. आता आवाज कशाला हवाय?"

वहिनीने दोघांकडे एकदा बघितलं आणि ती गेली. आईने तिला पाणीही विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तिने ‘माझ्यासाठी’ म्हटलं तिथेच सगळं बिघडलं होतं. दादाचं संगीत हा आपला वाटा, असं कानकोरेने मनाशी पक्कं केलं होतं. आईचा मुलगा, वहिनीचा नवरा, पण सूर आपले. त्यात दादाने बायकोसाठी गुपचूप काही ठेवावं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देऊ नये, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. खरखरीचे ते तुकडे उलटसुलट करून बघायला एक दुपार पुरली असती. मीटर खातोय असा नुसता संशय आला तरी पुन्हा पुन्हा तपासणारा हा माणूस. इथे त्याने एकदाही तपासलं नाही, कारण काही सापडूच नये असं त्याला वाटत होतं.

वर्षं गेली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कानकोरेने वहिनीला चार-दोनदा फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबायची.

"अजून अढी गेली नाही तिची," तो आईला म्हणाला.

"माज आहे," आई म्हणाली. तेवढं बोलायची ताकद तिच्यात शेवटपर्यंत होती.

आई गेल्याचं कळल्यावर मात्र वहिनी आली. खोली माणसांनी भरलेली, सगळे दबक्या आवाजात बोलताहेत. कानकोरेने तिला चहा विचारला तर तिने उत्तर दिलं नाही. परत विचारला, तरी नाही. आणि मग एकदम, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "भाऊजी, ते सापडलं का हो? मला आता लवकर ऐकायचंय."

लोकांच्या माना वळल्या. कानकोरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं अंथरूण अजून उचललेलं नाही, आणि ही बाई सगळ्यांदेखत जाब विचारते?

"नाही म्हणून कितीदा सांगू, वहिनी?" तो दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाला.

ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. निर्लज्जासारखी, असं त्याला वाटलं. मग "बरं" म्हणून उठली. तिच्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, बाईला पोच नाही. कानकोरे त्यावरही गप्प बसला, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आता आपल्याला ठाऊक आहे.

पुढे त्या इंटरनेटवरच्या घोळक्यात एक नवा माणूस आला. नाव कुणाला माहीत नाही, चित्र मांजराचं, म्हणून सगळे त्याला बोका म्हणायचे. बोक्याने फार नम्रपणे लिहिलं होतं: ‘दिवेवाल्या म्हाताऱ्याच्या गेममध्ये तुम्ही भर म्हणता ती भर नसावी. त्या तुकड्यांत आकड्यांच्या जोड्या उलट्या लिहिल्या आहेत. प्रत्येक जोडी सुलटी करून वाजवून बघाल का? माझी सीडी ओरखडलेली आहे, त्यामुळे मला मधलंमधलंच ऐकू येतं. पण कुणीतरी गातंय.’

कानकोरेचं पित्त खवळलं. कालचं पोर आपल्याला शिकवतंय! त्याने खरमरीत उत्तर लिहायला घेतलं. जोड्या उलट्या असल्या की कुठल्याही सुराची खरखर होते, हे काय त्याला माहीत नव्हतं? एका जातीच्या कॉम्प्युटरवर टिपलेलं दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरवर नेलं की तशी उलटापालट होते, हे त्यानेच इथे सगळ्यांना शिकवलं होतं. एवढं लिहून त्याचा हात थांबला. कंपनीतले कॉम्प्युटर एका जातीचे होते, आणि दादाचा घरचा दुसऱ्या; गेममध्ये वाजायचं तेवढंच तो सुलटं करून द्यायचा. हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खुर्चीमागे उभा राहायचा ना तो!

तरी बोक्याला खोटं पाडायचं म्हणूनच त्याने दादाची सीडी कपाटातून काढली. सुट्टीचा दिवस होता, बाहेर टळटळीत ऊन होतं. फेकून दिलेले तुकडे त्याने गोळा केले, जोड्या सुलट्या केल्या आणि तुकडे एकामागे एक जोडले. शेजारी ठेवलेला चहा निवायच्या आत काम झालं. मग त्याने हेडफोन चढवले.

तीच धून होती, पण सावकाश. आणि तिच्यावर दादा गुणगुणत होता. शब्द नव्हते. मधूनच नाक ओढल्याचा आवाज येत होता, कारण दादाला बाराही महिने सर्दी. मागे लांबवर कसलीशी टकटक चालली होती, थांबत होती, परत चालू होत होती. ती ओळखायला कान लावायची गरज नव्हती. त्याच मशीनच्या पायडलवर त्याचे पाय होते. मध्येच दादा थांबला आणि म्हणाला, "अगं, दार ओढून घे ना. तुझं मशीन येतंय गाण्यात." लांबून वहिनी म्हणाली, "एवढं काय सोनं उतरतंय आत?" तिच्या आवाजात हसू होतं. वहिनीला असा आवाज होता, हे तो पार विसरून गेला होता. दार लागलं. दादा परत गुणगुणायला लागला, तो शेवटपर्यंत. हे बोलणं त्याने कापलं नव्हतं. मुद्दामच ठेवलं होतं, हे उघड होतं.

कानकोरेने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. ढसाढसा रडला. आणि रडून झाल्यावर त्याने काय केलं, तर त्यात आपलं नाव कुठे येतं का ते शोधलं. धाकट्याला कुठे हाक मारलीय का, खुर्चीमागे कुणी उभं असल्याची काही खूण आहे का, म्हणून त्याने सगळी धून परत कानाखालून घातली. नव्हती. बोक्याला लिहिलेलं उत्तर त्याने पुसलं, पण दुसरं काही लिहिलं नाही. ‘संपूर्ण’ हा शब्दही होता तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बॅगेत घालून तो वहिनीकडे गेला. रस्ताभर त्याने स्वतःला समजावलं, की उशीर झाला हे खरं, पण शेवटी तिचं मागणं पुरं करणारे आपणच. गोदामांच्या मागे एका ओळीत सारख्या खोल्या होत्या, त्यातली कडेची तिची. त्याने बेल दाबली. वाजली नाही. परत दाबली, तर खिडकीच्या काचेत कसलासा उजेड लुकलुकला. बेलसुद्धा धड नाही, तो मनात म्हणाला. तेवढ्यात दार उघडलं. वहिनीचे केस पांढरे झाले होते.

"वहिनी, सापडलं!" मान खाली घालून, बॅगेची चेन उघडता उघडता तो भडाभडा बोलायला लागला. "होतं. तुम्ही म्हणत होता तसंच, खालीच होतं. त्याचं काय झालं, मला वाटलं..."

"भाऊजी," ती मोठ्याने म्हणाली, "तोंड माझ्याकडे करून बोला. आणि सावकाश."

त्याने वर बघितलं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, आई गेली तेव्हा बघितलं होतं तशीच.

"ऐकू येत नाही मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बाटल्यांनी खाल्ले कान. आधी उजवा गेला, मग डावा. सासूबाई गेल्या तेव्हा डाव्याने थोडंथोडं यायचं. डॉक्टर म्हणाले होते, हाही राहायचा नाही. म्हणून तर तेव्हा घाई केली मी."

कानकोरेने चपला काढल्या, आत जाऊन बसला आणि लॅपटॉप बाहेर काढला. न उचललेले ते फोन, दोनदा विचारलेला चहा, भरल्या खोलीतला तिचा तो मोठा आवाज, आत्ता बेलऐवजी लुकलुकलेला तो दिवा, सगळं त्याला एकदम आठवलं. मीटरच्या पोटातलं झिजलेलं चाक बाहेरून ओळखणारा हा माणूस, आणि घरच्या बाईचे कान जात होते ते त्याला कळलं नाही. त्याने त्याला माज म्हटलं होतं. म्हणजे आईने म्हटलं होतं आणि तो गप्प बसला होता.

"कानाला लावायचं यंत्र मिळतं ना?" त्याने ओठ मोठे हलवत विचारलं.

"आहे. लावलं की नुसती खरखर येते." तिने लॅपटॉपकडे बोट केलं. "आणलंय तर लावा तरी."

त्याने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले आणि आवाज होता तेवढा वाढवला. तिने डोळे मिटले. हेडफोनच्या कडांतून दादाचं गुणगुणणं बाहेर सांडत होतं. कानकोरेला ते हातभर अंतरावरून स्वच्छ ऐकू येत होतं, नाक ओढण्यासकट. पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या वर-खाली होत होत्या. धून संपली तरी तिचे डोळे मिटलेलेच. त्याने तिच्या हाताला हात लावला तेव्हा ते उघडले.

"आलं काही?"

"खरखर," ती म्हणाली. "काय आहे त्यात? तुम्ही सांगा."

त्याने सांगायला सुरुवात केली. धून सांगायची कशी? त्याने हाताने लय दाखवली, मग तो हात खाली घेतला. शेवटी म्हणाला, "दादा गुणगुणतोय. मागून तुमचं मशीन येतं. मग तो थांबतो आणि म्हणतो, ‘अगं, दार ओढून घे ना. तुझं मशीन येतंय गाण्यात.’"

"आणि मी?"

"तुम्ही म्हणता, ‘एवढं काय सोनं उतरतंय आत?’"

ती हसली. त्या रेकॉर्डिंगमधल्या हसण्यासारखंच होतं ते, फक्त फार मोठ्याने.

"मग?"

"मग दार लागतं. त्यानंतर मशीन येत नाही गाण्यात."

"कसं येईल? मी दार आतून लावलं होतं. शेवटपर्यंत आतच बसले होते, ह्यांच्या पायाशी."

इतक्या वेळा ऐकूनही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्याशिवाय त्या खोलीत दुसरं कुणी बसत असेल, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"आवाज कसा आहे हो ह्यांचा?" तिने विचारलं. "मला आता आठवत नाही. जाड होता की बारीक?"

"सर्दी झालीय त्याला," कानकोरे म्हणाला.

"ती कायमचीच," ती म्हणाली आणि मान हलवत राहिली.

मग त्याने बोलायचं ठरवलं. "वहिनी, मी ते फेकून दिलं होतं. भर म्हणून फेकलं. एकदा तपासलं असतं तरी सापडलं असतं. मला ते सापडायलाच नको होतं. तुम्ही ‘माझ्यासाठी’ म्हणालात ना, ते मला..."

तिने तोंड फिरवलं आणि ती खिडकीकडे बघायला लागली. तो बोलतोय हे तिने पाहिलं होतं, आणि पाहूनच तोंड फिरवलं होतं. तो तिच्या पाठीशी बोलत राहिला. मशीनचं बोलला, फोनचं बोलला, आईचं बोलला, इतकी वर्षं जे कुणापाशी बोलला नव्हता ते सगळं बोलला. मग ती वळेल म्हणून थांबला. ती वळली नाही. हेडफोन तिच्या डोक्यावर तसेच होते.

"हे सगळं इथेच राहू द्या," ती खिडकीकडे बघतच म्हणाली. "मुळापासून परत लावा. आणि जाताना दार ओढून घ्या, भाऊजी."

त्याने धून मुळापासून लावली आणि चपला घातल्या. दाराची फळी फुगलेली होती. पहिल्यांदा ओढलं तर दार चौकटीवर आदळून परत उघडलं. केवढा तरी आवाज झाला. फटीतून वहिनीची पाठ दिसत होती, ती जराही हलली नाही. दुसऱ्यांदा त्याने दार अगदी हळू ओढलं, आवाज होऊ नये म्हणून.